सहानंतरचं कॉलेज

धोबीतलावच्या दगडी इमारतीत दिवसा तास भरतात आणि संध्याकाळी मैफली, नाटकं, व्याख्यानं. पाद्र्यांनी उभारलेल्या या कॉलेजात तुमच्या-आमच्यासारख्या ऑफिसवाल्यांचं काय काम? भरपूर आहे!

शुक्रवार. संध्याकाळचे सहा. शेवटचा मेल पाठवला, लॅपटॉप मिटला, बॉसची नजर चुकवून लिफ्ट गाठली. आता पुढे काय? मुंबईत या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. मल्टिप्लेक्स, मॉल, पब, नाहीतर सरळ घर. पहिल्या तिन्हीत पाकीट हलकं होतं आणि चौथ्यात डोकं जड. कारण घरी जाऊन आपण मोबाइल बघत लोळणार, हे आपल्यालाही ठाऊक असतं.

मला पाचवं उत्तर सापडलं ते फोर्टातल्या नोकरीमुळे. ऑफिसपासून स्टेशनकडे जाताना थोडी वाट वाकडी केली की सेंट झेवियर्स कॉलेज लागतं. मी झेवियराइट नाही. माझं कॉलेज उपनगरातलं, चार मजली, कँटीनचा वडा सोडला तर आठवणीत राहावं असं फार काही नसलेलं. त्यामुळे झेवियर्स म्हणजे ‘हाय-फाय’ पोरांचं कॉलेज, आपण बाहेरूनच बघायचं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. एका मैत्रिणीने ओढत एका मैफिलीला नेलं आणि लक्षात आलं की संध्याकाळी इथे येणारे अर्धे लोक आपल्यासारखेच आहेत. पाठीला सॅक, गळ्यातलं आयकार्ड घाईघाईत खिशात कोंबलेलं, आणि मध्येच घड्याळाकडे बघून मनातल्या मनात फास्ट लोकलचा हिशोब.

तेव्हापासून गेली काही वर्षं मी जमेल तसं जाते. कधी गाणं, कधी नाटक, कधी नुसतंच व्याख्यान. तर चला, आज जरा आत डोकावू या.

दगडी कमानी, उघडा चौक

आधी इमारतीची ओळख. कॉलेज सुरू झालं १८६९ मध्ये. सुरू करणारे जेझुइट पंथाचे जर्मन पाद्री. महापालिका मार्गाचं नाव तेव्हा क्रुकशँक रोड होतं. टोकदार कमानी, दगडी खांब, लांबच लांब व्हरांडे आणि मधोमध आकाशाला उघडा असलेला चौक. या चौकाला सगळे ‘क्वाड्रँगल’ म्हणतात, आणि घाईत असले की नुसतं ‘क्वाड’. ऑफिसातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली नऊ तास काढल्यावर या चौकात नुसतं उभं राहिलं तरी खांदे खाली येतात. खरंच, करून बघा.

कॅथलिक कॉलेज म्हटल्यावर आपल्याला काय वाटतं? शिस्त, प्रार्थना, गुडघ्याखालचा स्कर्ट. मग तिथे यमन कसा? नाटकाची तालीम कशी? आणि मराठीचा उत्सव कसा? हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला, तेव्हा मी थोडी शोधाशोध केली. उत्तर साडेचारशे वर्षं जुनं निघालं.

पाद्री ओवी लिहितो तेव्हा

जेझुइट संघाची स्थापना १५४० ची. त्यानंतर दोनच वर्षांत, म्हणजे १५४२ मध्ये, फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. कॉलेजचं नाव त्याचंच. या पंथाने युरोपभर शाळा काढल्या आणि त्या शाळांमध्ये एक गोष्ट हमखास असायची, ती म्हणजे नाटक. चारचौघांत उभं राहून बोलता आलं पाहिजे, आवाज पोचला पाहिजे, दुसऱ्याच्या भूमिकेत शिरता आलं पाहिजे, हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. आज कंपन्या ज्याला ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणून आपल्याला रिसॉर्टवर नेतात, तेच हे. फ्रान्सचा मोलिएर आणि स्पेनचा काल्देरॉन हे दोन मोठे नाटककार जेझुइट शाळांत शिकले, हा काही निव्वळ योगायोग नाही.

आणि आपल्याशी याचा संबंध? थेट आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. इथली भाषा शिकला आणि इतकी शिकला, की ख्रिस्ताची कथा त्याने मराठी ओवीत रचली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल इथे छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! लिपी रोमन, भाषा मराठी, बाज आपल्या पुराणांचा. देवनागरीत हे पुस्तक यायला मात्र १९५६ साल उजाडलं. पुण्याच्या शांताराम बंडेलूंनी ते आणलं. म्हणजे ज्या लिपीत आपण मराठी वाचतो, त्या लिपीत यायला या मराठी ग्रंथाला तीनशे चाळीस वर्षं लागली.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. स्टीफन्सला लोकांशी बोलायचं होतं, तर त्याने आधी त्यांची भाषा, त्यांचा छंद, त्यांची ऐकायची सवय समजून घेतली. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होता, यात शंका नाही, आणि त्या काळात गोव्यात धर्माच्या नावाखाली जे घडलं ते विसरायचंही कारण नाही. देवळं पडली, माणसं घर सोडून पळाली. पण त्याच गोव्यात एक परदेशी माणूस ओवी गिरवत बसला होता, हेही तितकंच खरं.

फादर हेरास यांचा उलटा न्याय

झेवियर्सच्या जिन्यावरून वर गेलात, तर एक पाटी दिसते. हेरास इन्स्टिट्यूट. आत मूर्ती, नाणी, मुद्रा, हस्तिदंती कोरीवकाम आणि जुन्या पुस्तकांचा वास. कॉलेजात म्युझियम? हो बॉस, आणि तेही भारी.

गोष्ट अशी. पहिलं महायुद्ध पेटलं आणि मुंबईतले जर्मन पाद्री एका रात्रीत ‘शत्रू’ ठरले. त्यांना नजरकैदेत टाकलं, परत पाठवलं. त्यांच्या जागी स्पेनमधून जेझुइट आले. त्यातले एक हेन्री हेरास, १९२२ मध्ये मुंबईत पोचले. त्यांचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. प्राचार्यांनी विचारलं, कुठला इतिहास शिकवाल? हेरास म्हणाले, मुलांना सगळ्यात कमी कुठला येतो? उत्तर आलं, भारताचा. मग मी तोच शिकवणार, असं म्हणून हा माणूस स्वतःच भारताचा इतिहास शिकायला बसला.

१९२६ मध्ये त्यांनी संशोधन संस्था काढली. सिंधू संस्कृतीच्या लिपीवर ते अनेक वर्षं डोकं खपवत राहिले. ती लिपी आजही सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही, त्यामुळे त्यांचं वाचनही विद्वानांनी स्वीकारलेलं नाही. पण त्यांनी उभी केलेली लायब्ररी आणि म्युझियम राहिलं. १९५५ मध्ये ते गेले, आणि संस्थेला त्यांचं नाव मिळालं. १९८१ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं.

आता खरा बॉम्ब. याच संस्थेत संशोधन केलेल्या एक विद्यार्थिनी तुम्हाला चांगल्याच ठाऊक आहेत. दुर्गा भागवत! ‘ऋतुचक्र’वाल्या दुर्गाबाई झेवियर्सच्या. बौद्ध भिक्षूंच्या कायद्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३९ मध्ये याच संस्थेच्या ग्रंथमालेत आला. एक स्पॅनिश पाद्री, एक मराठी मुलगी आणि विषय बुद्धाचा विनय. आजच्या भाषेत सांगायचं तर फुल्ल फ्यूजन. दुर्गाबाईंचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हेरास इन्स्टिट्यूटमध्ये आजही व्याख्यानं आणि छोटे अभ्यासक्रम होतात. मी अशा एका व्याख्यानाला शेवटच्या रांगेत बसले होते. विषय मूर्तींचा. पडद्यावर एकामागून एक स्लाइड्स, आणि समोरचे वक्ते हातांच्या मुद्रा स्वतः करून दाखवत होते. शेजारी एक आयटीवाला. ब्रेकमध्ये म्हणाला, ‘दिवसभर मी पण स्लाइड्सच बघतो. पण कुठल्याच स्लाइडमधलं काही उद्या आठवत नाही.’ मला मात्र ते सिंहासनाच्या पायाशी बसलेलं हरीण अजून आठवतंय.

दहाचा काटा

झेवियर्सच्या संध्याकाळचा राजा मात्र एकच. गाणं.

सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांनी इथे इंडियन म्युझिक ग्रुप सुरू केला. आयएमजी म्हणा, सगळे तेच म्हणतात. रॉक आणि डिस्कोच्या जमान्यात कॉलेजच्या पोरांनी शास्त्रीय संगीताचा ग्रुप काढायचा, म्हणजे विचार करा! तो टिकला. रेकॉर्डिंगचा मोठा संग्रह जमला. जानेवारीत होणारा त्यांचा ‘जनफेस्ट’ म्हणजे दक्षिण मुंबईतल्या रसिकांचं वार्षिक संमेलन. क्वाड्रँगलमध्ये खुर्च्या आणि भारतीय बैठक, वर उघडं आकाश, आणि मुंबईला वर्षातून दहा दिवस मिळणारी ती लाजरी थंडी. ग्रीनरूमची धावपळ करणारी, माइक लावणारी, चहा देणारी सगळी पोरं विशीच्या आतबाहेरची. उस्ताद झाकीर हुसेन याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते गेले, तेव्हा तबल्याइतकाच त्यांच्या कुरळ्या केसांचा आणि हसण्याचा विषय निघाला.

जुने रसिक भेटले की एक गोष्ट हमखास सांगतात. एके काळी इथे मैफली रात्रभर चालायच्या. पहाटेचा राग ऐकून लोक पहिली लोकल पकडायचे, किंवा तशीच अंघोळ उरकून थेट ऑफिस. आपल्याला हे अशक्य वाटतं, कारण आपण ते पाहिलेलंच नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या परिसरात शांतता क्षेत्र. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण रात्रभर नाही.

नियम चुकीचा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. झेवियर्सच्या शेजारीच कामा हॉस्पिटल आहे. तिथे बाळंत झालेल्या बाईला आणि तिच्या बाळाला झोप हवीच. पण या नियमाने काय गेलं, तेही माहीत असावं. आपल्या संगीतात रागांना वेळ असते. बिहाग, बागेश्री रात्रीचे. मालकंस, दरबारी मध्यरात्रीकडे झुकणारे. ललित पहाटे, भैरव उजाडताना. मैफल दहाला संपली की शहर ललित आणि भैरव उघड्यावर ऐकायचं विसरतं. मग ते राग बंद सभागृहात, सकाळच्या खास कार्यक्रमात किंवा हेडफोनमध्ये जातात. आपल्या पिढीने पहाटेचा राग ऐकला असेल, तर तो बहुधा लोकलच्या दारात, कानात बोंडं घालून.

याच नियमांनी शेजारचं रंगभवन शांत केलं. झेवियर्सला लागून असलेलं हे खुलं नाट्यगृह. १९७८ मध्ये पहिली ‘जॅझ यात्रा’ इथे भरली होती. रॉकच्या कार्यक्रमांना इथे पोरं भिंतीवर चढायची. नियम आले आणि काही वर्षांत तिथला आवाज थांबला. आता बाजूने जाताना नुसती भिंत दिसते. म्हणून क्वाड्रँगलमध्ये दहाच्या ठोक्याला का होईना पण तंबोरा लागतो, याची किंमत मला जास्त वाटते.

‘मल्हार’, ‘आमोद’ आणि स्टेजवरची पोरं

‘मल्हार’चं नाव तुम्ही ऐकलंच असेल. १९७९ पासून दर ऑगस्टमध्ये होणारा झेवियर्सचा फेस्टिव्हल. राग पावसाचा आणि महिनाही पावसाचा, नाव परफेक्ट. पण हा मुख्यतः कॉलेजियन्सचा मामला. आपल्यासारख्या कमावत्या मंडळींनी तिथे फार लुडबूड करू नये, ‘अंकल’ म्हणून हाक येण्याचा धोका असतो!

मराठी वाङ्मय मंडळाचा ‘आमोद’ हा वेगळा प्रकार. झेवियर्समध्ये मराठी? असं म्हणून भुवया उंचावणारे खूप. पण इंग्रजी बोलणाऱ्या कँपसवर मराठीसाठी राबणाऱ्या पोरांची जिद्द बघण्यासारखी असते. घरी मराठी, कँटीनमध्ये इंग्रजी आणि नाटकाच्या तालमीत दोन्हींची भेळ. एका तालमीत मी ऐकलेलं वाक्य : ‘अरे, तुझा पॉज लाँग होतोय, प्रेक्षकांना वाटेल तू विसरलास.’ बोला, याला कुठल्या भाषेत घालणार?

नाटकाची परंपरा इथे जुनी आहे. नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाचं १९६२ ते १९७७ नेतृत्व केलेले इब्राहिम अल्काझी जन्मले पुण्यात, शिकले पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट्समध्ये आणि मग झेवियर्समध्ये. दोन्ही जेझुइट संस्था. अल्काझींनी नंतर दिल्लीत जी पिढी घडवली, तिने हिंदी रंगभूमी आणि समांतर सिनेमाचा चेहराच बदलून टाकला.

आणि ज्यांना नुसतं बघायचं नाही, शिकायचंय, त्यांच्यासाठी याच आवारात झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आहे. १९६९ ची संस्था. पत्रकारिता, जाहिरात, फिल्म. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग हे तिचं जुनं वैशिष्ट्य. बँकेत काम करून संध्याकाळी कॅमेरा हातात घेणारे लोक या जिन्यावर अनेक वर्षं भेटत आले आहेत.

झेवियर्सच्या पलीकडे

तुमचं ऑफिस फोर्टात नाही? नो प्रॉब्लेम. ब्रीच कँडीकडे असाल तर सोफिया कॉलेज आहे. १९४० च्या सुमारास सुरू झालेलं, सेक्रेड हार्टच्या सिस्टर्सचं. तिथलं सोफिया भाभा सभागृह इंग्रजी नाटकवाल्यांचं लाडकं. बांद्र्यात सेंट अँड्र्यूजचं सभागृह. वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी असेल तर रिक्षाने पोचता येतं, ट्रॅफिकने कृपा केली तर.

पुणेकरांनो, तुम्हाला तर शनिवार पेठेतच ठिकाण आहे. ‘स्नेहसदन’. पेठेच्या मधोमध जेझुइटांचं घर! मॅथ्यू लेडर्ले या जर्मन पाद्र्याने वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांनी एकत्र बसून बोलावं यासाठी ते उभं केलं. या माणसाने आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वविचारावर इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला. १९०३ मध्ये नगर जिल्ह्यात सुरू झालेलं ‘निरोप्या’ हे मराठी मासिकही याच परंपरेतलं.

आणि गोव्याला जाताय? बीचवर चार दिवस काढा, एक संध्याकाळ पर्वरीला द्या. झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये ‘हिस्टरी अवर’ नावाची व्याख्यानं होत आली आहेत. तिथे आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं आहेत, ती चुकवू नका. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात शिकला आणि मारियेला साडी नेसवली. विटकरी रंगाची, डोक्यावर पदर घेतलेली मारिया, अगदी आपल्या शेजारच्या काकूंसारखी. तेव्हाच्या गोव्यातल्या लोकांना ते झेपलं नाही. टीका झाली, आणि फोन्सेका गोवा सोडून पुण्याच्या आश्रमात येऊन राहिले. १९६७ मध्ये पुण्यातच वारले. ज्या चित्रांमुळे त्यांना गाव सोडावं लागलं, ती आज त्याच गोव्यात जपून ठेवली आहेत.

रद्द झालेलं व्याख्यान

इथपर्यंत सगळं छान छान झालं. आता थोडं अवघड.

व्याख्यान म्हणजे नुसती मूर्ती आणि मारिया नाही. झेवियर्सच्या आंतरधर्मीय अभ्यास विभागातर्फे फादर स्टॅन स्वामी यांच्या स्मरणार्थ एक व्याख्यान होत असे. स्टॅन स्वामी जेझुइट होते, झारखंडमधल्या आदिवासींबरोबर त्यांनी काम केलं. एल्गार परिषद प्रकरणात राष्ट्रीय तपास संस्थेने त्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक केली. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, बांद्र्याच्या हॉस्पिटलमध्ये कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. खटल्याचा निकाल लागलाच नाही. आरोप गंभीर होते, आणि ते खोटे आहेत असं त्यांचं अखेरपर्यंत म्हणणं होतं.

९ ऑगस्ट २०२५ रोजी हे व्याख्यान ठरलं होतं. विषय पोटापाण्यासाठी होणारं स्थलांतर. वक्ते रोममधले एक जेझुइट प्राध्यापक. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने आक्षेप घेतला. ज्याच्यावर असे आरोप होते, त्याच्या नावाने कॉलेजात कार्यक्रम कशाला, असा त्यांचा मुद्दा. कॉलेजने व्याख्यान रद्द केलं.

आता यावर तुमचं मत काहीही असू शकतं. माझ्या ऑफिसात या विषयावर जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले. एक जण म्हणाला, बरं झालं. दुसरी म्हणाली, लाज वाटते. तिसऱ्याने डबा बंद केला आणि विचारलं, ‘पण ते स्थलांतराबद्दल बोलणार काय होते?’ कोणालाच माहीत नव्हतं. आणि आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी पोटासाठी गाव सोडून आलेलं. माझे आजोबा कोकणातून गिरणीत आले. तो डबा बंद करणारा स्वतः बिहारचा.

हीच माझी अडचण आहे. विरोध करणाऱ्यांना विरोध करायचा पूर्ण हक्क आहे. त्यांनी समोर बसून वक्त्याला कडक प्रश्न विचारले असते, तर ती संध्याकाळ माझ्या मते झकास झाली असती. कॉलेजच्या बाजूनेही विचार करते. हजारो मुलं, परीक्षा, परवानग्या, पालक. गेटवर गोंधळ झाला तर निस्तरायचं त्यांनाच. बाहेर बसून ‘ताठ उभे राहा’ म्हणायला आपलं काय जातं? पण रद्द झालेल्या व्याख्यानात दोन्ही बाजू गप्प होतात आणि मधले आपण होतो तितकेच अडाणी राहतो.

इथे दुर्गाबाई आठवतात. १९७५, आणीबाणी चालू, कराडचं साहित्य संमेलन, अध्यक्षपदी दुर्गाबाई. व्यासपीठावर सत्तेतली माणसं हजर. बाई लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलल्या, तुरुंगातून आजारी अवस्थेत बाहेर आलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी त्यांनी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. झेवियर्सच्या त्या लायब्ररीत भिक्षूंचे नियम वाचत बसलेल्या मुलीने नियम कधी पाळायचे आणि कधी उभं राहायचं, हे कुठे तरी शिकून घेतलं असणार.

आपल्या मराठी माणसाला व्याख्यानाचं वेड जुनं आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची, न्यायमूर्ती रानड्यांच्या काळातली. दादरला, ठाण्याला, डोंबिवलीला अजूनही व्याख्यानमाला चालतात. फक्त तिथे गेलं की दिसतात पांढरे केस, आणि आपण दिसत नाही. कॉलेजच्या संध्याकाळीत मात्र विशी-तिशीतली गर्दी असते. ही गर्दी उद्या डोंबिवलीच्या व्याख्यानमालेत जाणार आहे. की जाणार नाही? ते आज ती कुठे बसायला शिकते, यावर ठरेल. पोलिटिकल असो, पुराणातलं असो, तासभर एकाच माणसाचं बोलणं मोबाइल न बघता ऐकणं ही सवय आहे, आणि ती जिमसारखीच मोडते.

म्हणून मी जाते. आवडतं तेव्हा जाते, आणि विषय पटत नसेल तेव्हा मुद्दाम जाते. पहिल्यापेक्षा दुसऱ्या प्रकारच्या संध्याकाळी डब्यावर गप्पा जास्त रंगतात.

जायचंय? मग हे वाचा

*कसं पोचाल :* सीएसएमटी, चर्चगेट किंवा मरीन लाइन्स. कुठूनही चालत. मेट्रो सिनेमा विचारा, तिथून कोणीही दाखवेल.

*काय न्याल :* ओळखपत्र. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच कॉलेजच्या बाजूच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर शहीद झाले. गेटवरच्या वॉचमनने बॅग उघडायला सांगितली तर कपाळाला आठ्या घालू नका.

*आधी काय कराल :* कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला आहे की फक्त विद्यार्थ्यांसाठी, ते आधी विचारून घ्या. काही फुकट असतात, काहींना तिकीट किंवा सभासदत्व लागतं.

*काय खाल :* धोबीतलावच्या नाक्यावर १९०४ पासूनचं कयानी. बन-मस्का, मावा केक आणि इराणी चहा. पण कार्यक्रमाच्या आधी. नंतर बंद सापडलं तर मला बोल लावू नका.

*कधी निघाल :* मैफल दहाला संपते. प्रश्नोत्तरांचं काही सांगता येत नाही. शेवटच्या फास्टवर डोळा ठेवा, आणि प्रश्न चांगला रंगला असेल तर स्लो पकडा.